जनुकं तपासून ताट ठरवायचं? आधी हिशेब मांडा

बडोद्याच्या निजामपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला जनुकीय चाचणीसाठी घराबाहेर पडावंही लागत नाही. मोबाइलवर ऑर्डर नोंदवायची, कुरिअरने आलेल्या नळीत लाळ भरायची आणि पाकीट परत धाडायचं. तीन ते सहा आठवड्यांत भला जाडजूड रंगीत अहवाल ईमेलवर येतो. दूध पचेल का, गहू सोसेल का, मधुमेहाचा धोका किती, चहा कितपत चालेल, वजन कोणत्या आहाराने उतरेल, सगळ्याची उत्तरं त्यात दिलेली असतात. या सगळ्यासाठी सहा-आठ हजार रुपये फार वाटत नाहीत. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो आणि त्याची कल्पना किट विकणारा देत नाही.

थोडक्यात सांगायचं तर जनुकीय अहवाल तुमचा कल सांगतो आणि रक्ताची साधी तपासणी आजची स्थिती सांगते. आहार ठरवताना बहुतेकांना स्थिती कळणं जास्त गरजेचं असतं आणि ती बऱ्याच कमी पैशांत कळते. काही जनुकीय तपासण्या मात्र आयुष्यात एकदा कराव्यात अशाच आहेत. त्यातल्या बऱ्याचशा या आकर्षक किटमध्ये नसतात. म्हणून पैसे कोणत्या क्रमाने खर्चायचे, ते आधी पाहू.

किट नेमकं काय वाचतं?

माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. लाळेचं नेहमीचं किट त्यातली साधारण सहा-सात लाख ठिकाणं तपासतं. बाकीचं वाचलंच जात नाही. ही ठिकाणं निवडताना जगभरच्या अभ्यासांचा आधार घेतलेला असतो आणि त्या अभ्यासांत भाग घेतलेले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावर बेतलेला धोक्याचा गुण आपल्याला लावला की अचूकता घटते. दोन कंपन्यांचे अहवाल एकाच माणसाला वेगवेगळा सल्ला देतात, कारण कोणती ठिकाणं मोजायची आणि कोणाला किती वजन द्यायचं हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते.

भारतीय माहितीचा हा तुटवडा आता थोडा भरून निघतो आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातली दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. त्यातून पक्के निष्कर्ष निघायला वेळ लागेल. ‘खास भारतीयांसाठी’ असं खोक्यावर छापलेलं दिसलं, तर कोणत्या भारतीय अभ्यासावर हे आधारलं आहे ते लेखी विचारा.

दर काय आहेत?

खालचे आकडे खासगी लॅबमधले साधारण पट्टे आहेत. लॅब, सवलत आणि घरून नमुना नेण्याची सोय यांनुसार ते खालीवर होतात. निजामपुरा, फतेगंज आणि समा या पट्ट्यात नमुना-संकलन केंद्रं भरपूर आहेत. दोन-तीन ठिकाणी फोन केलात तर त्याच तपासणीत शे-पाचशेचा फरक सहज दिसेल.

आजची स्थिती सांगणाऱ्या तपासण्या:

- सीबीसी (रक्तपेशींची मोजणी): १५० ते ४०० रुपये
- एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर): ३०० ते ७०० रुपये
- लिपिड प्रोफाइल: ३०० ते ९०० रुपये
- थायरॉइडची टीएसएच: १५० ते ५०० रुपये
- बी१२ जीवनसत्त्व: ४०० ते १,३०० रुपये
- ड जीवनसत्त्व: ६०० ते १,८०० रुपये
- फेरिटिन (लोहाचा साठा): ४०० ते १,००० रुपये
- टीटीजी-आयजीए (गव्हाच्या सिलियाक आजारासाठी): ८०० ते २,००० रुपये

जनुकीय स्वरूपाच्या तपासण्या:

- थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी एचपीएलसी: ६०० ते १,५०० रुपये
- नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताची तपासणी: १,५०० ते ५,००० रुपये, किती आजार तपासतात त्यावर
- सिलियाकसाठी एचएलए-डीक्यू२/डीक्यू८: चार-पाच हजारांपासून पुढे
- आहार-आरोग्याचं लाळेचं किट: ४,००० ते १५,००० रुपये, सल्ला-सत्रं जोडलेली मोठी पॅकेजं २०,००० च्या पुढे
- क्लिनिकल एक्झोम (डॉक्टरने लिहून दिलेली सखोल तपासणी): साधारण १५,००० ते ३५,००० रुपये

आणि माणसाचा सल्ला:

- आहारतज्ज्ञाची पहिली भेट: ५०० ते १,५०० रुपये
- जनुकीय समुपदेशकाचं सत्र: १,००० ते २,५०० रुपये

पहिल्या गटातल्या तपासण्या सुट्या करण्यापेक्षा पॅकेजमध्ये स्वस्त पडतात. पण पॅकेजच्या नावावर जाऊ नका. ‘७२ तपासण्या’ असं लिहिलेलं असतं तेव्हा एकट्या सीबीसीतले वीसेक आकडे वेगवेगळे मोजलेले असतात. बी१२ आणि फेरिटिन आहेत की नाहीत, तेवढंच बघा. स्वस्त पॅकेजमधून नेमकं हेच गाळलेलं असतं.

अहवालातली पाच पानं आणि त्यांची स्वस्त उत्तरं

*दूध.* मोठेपणीही दुधातली साखर पचवण्याची क्षमता ज्या बदलामुळे टिकते तो चांगला ओळखीचा आहे आणि किट तो बहुधा बरोबर वाचतं. भारतात वायव्येकडून आग्नेयेकडे येताना हा बदल विरळ होत जातो. पण तो नसलेली असंख्य माणसं दही आणि ताक मजेत पचवतात, कारण विरजण लागताना साखर कमी होते. पोट फुगतं, गुडगुडतं अशी तक्रार असेल तर दोन आठवडे दूध बंद करून बघा, दही-ताक चालू ठेवा, मग अर्धा कप दूध घ्या. खर्च शून्य, आणि उत्तर तुमच्या पोटाचं. तरी शंका राहिली तर पोटविकारतज्ज्ञ हायड्रोजन श्वास चाचणी सुचवतील.

*गहू.* ‘तुमच्यात ग्लुटेनचं जनुक आहे’ हे वाक्य घाबरवतं. सिलियाक आजाराशी निगडित हे प्रकार तीनांतल्या एका माणसात सापडतात, आजार मात्र शंभरात जेमतेम एकाला होतो. म्हणजे जनुक असणाऱ्यांतलेही बहुतांश लोक आयुष्यभर पोळ्या खातात आणि त्यांना काहीच होत नाही. या तपासणीचा उपयोग उलट दिशेने आहे: हे प्रकार नसतील तर सिलियाक जवळपास निकाली निघतो. जुनाट जुलाब, न वाढणारं मूल, गोळ्यांना दाद न देणारा अॅनिमिया अशी लक्षणं असतील तर आधी टीटीजी-आयजीए करा. ती करेपर्यंत गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर ही तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

*मधुमेह.* या पानामागे खरं विज्ञान आहे आणि त्यातला मोलाचा भाग पुण्यात घडला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं, की टीसीएफ७एल२ या जनुकाचे प्रकार भारतीयांमध्येही मधुमेहाशी ठळकपणे जोडलेले आहेत. २००९ मध्ये एफटीओ जनुकाबद्दल त्यांना आढळलं, की भारतीयांत त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ वजनवाढीतून समजावता येत नाही. बारीक दिसणाऱ्या पण पोटाशी चरबी साठवणाऱ्या भारतीय शरीराबद्दल याज्ञिक कित्येक वर्षं सांगत आले आहेत.

पण ग्राहकाला याचा उपयोग किती? टीसीएफ७एल२ चा धोकादायक प्रकार आई किंवा वडील अशा एकाकडून आला तर धोका साधारण १.४ पट होतो. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत हा प्रकार दोन्ही बाजूंनी मिळालेले लोकही होते. व्यायाम आणि वजन घटवण्याच्या गटात त्यांचा जादा धोका बराच बोथट झाला. चेन्नईच्या भारतीय चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपैकी नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. तिथे कोणाचं जनुक पाहून सल्ला दिला नव्हता. तुमच्या घरात मधुमेह असेल, कंबर वाढली असेल, तर जनुक काहीही म्हणो, करायचं तेच आहे. दर वर्षी तीन-चारशे रुपयांची एचबीए१सी करा आणि पोटाचा घेर मोजा.

*बी१२ आणि फोलेट.* एमटीएचएफआर या जनुकाचं पान बहुतेक अहवालांत असतं आणि त्याखाली महागड्या फोलेटची शिफारस असते. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. पुण्यातल्या पुरुषांच्या पाहणीत जवळपास दोन-तृतीयांश जणांत बी१२ कमी आढळलं होतं. रक्तातला होमोसिस्टीन हा घटक वाढण्याचं मोठं कारण तेच निघालं. बडोद्यातल्या शाकाहारी घरांना हे जास्तच लागू आहे, आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना त्याहून जास्त. यात एक धोकाही आहे. बी१२ कमी असताना नुसतं फोलेट घेतलं तर रक्तातला दोष झाकला जातो, नसांचं नुकसान मात्र चालू राहतं. म्हणून आधी बी१२ तपासा, तेही गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी.

*चहा-कॉफी आणि वजन.* कॅफीन संथ पचवणारा प्रकार असतो, हे खरं. पण रात्री झोप लागत नसेल तर आठवडाभर दुपारी तीननंतरचा चहा सोडून पाहणं फुकट आहे. ‘तुमच्या जनुकांना कमी चरबी मानवते की कमी कर्बोदकं’ या पानाची तर थेट परीक्षा झाली आहे. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर केलेला हा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो आणि कमी कर्बोदकांवाल्यांचं ६ किलो उतरलं. जनुकाशी जुळणारा आहार मिळालेल्यांना कोणताही खास फायदा झाला नाही. युरोपातल्या सात देशांत झालेल्या ‘फूडफॉरमी’ प्रयोगातही व्यक्तीचा आहार बघून दिलेला सल्ला सरसकट सल्ल्यापेक्षा सरस ठरला, पण त्यात जनुकीय माहिती घातल्याने जादा काहीच हाती लागलं नाही. ज्याचे पैसे मोजायचे ती गोष्ट यातून कळते: तुमचं ताट बसून नीट पाहणारा माणूस.

जिथे जनुकीय तपासणीचे पैसे वसूल होतात

थॅलेसेमिया या यादीत पहिला. हिमोग्लोबिन १०-११ वर अडकलेलं, लोहाच्या गोळ्या खाऊन महिने झाले तरी हलत नाही, सीबीसीत पेशी लहान पण संख्येने भरपूर, असं चित्र असेल तर फेरिटिन आणि एचपीएलसी एकत्र करा. वाहक असाल तर लोहाचा साठा न पाहता लोह घेत राहणं निरर्थक, प्रसंगी घातकही. लोहाची तीव्र कमतरता असेल तर ती आधी भरून मग एचपीएलसी करावी, नाहीतर निकाल फसवा येऊ शकतो. गुजरातमध्ये सिंधी आणि लोहाणा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण ही तपासणी लग्नाच्या वयातल्या प्रत्येकाने एकदा करावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हजार-बाराशे रुपये, आयुष्यात एकदा.

सिकलसेल वडोदऱ्याच्या पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यात प्रकर्षाने आहे. छोटा उदेपूर हा २०१३ पर्यंत वडोदरा जिल्ह्याचाच भाग होता. तिकडून कामासाठी शहरात आलेली कुटुंबं निजामपुऱ्यातही आहेत. तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंना सांगा, की जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्यांची तपासणी मोफत आहे. सरकारी आरोग्य केंद्रात किंवा सयाजी रुग्णालयात चौकशी करावी.

नवजात बाळाची टाचेची तपासणी म्हणजे जनुकीय दोष ओळखून आहार बदलण्याचं सर्वांत पक्कं उदाहरण. फिनाइलकीटोन्युरियात प्रथिनांतला एक घटक शरीराला मोडता येत नाही. पहिल्या आठवड्यांत खास आहार सुरू झाला तर मेंदू वाचतो. गॅलॅक्टोसेमियात दूधच बंद करावं लागतं. गोव्याने २००८ मध्ये सरकारी खर्चाने नवजात तपासणी सुरू केली होती. बडोद्यातल्या खासगी प्रसूतिगृहात ती बहुधा मागावी लागते. बाळंतपणाचं पॅकेज ठरवतानाच विचारा.

जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता याच तपासणीत सापडते. अशा माणसाने काही औषधं, विशेषतः मलेरियाचं प्रायमाक्वीन, डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये आणि बाकला (फावा बीन) टाळावा. उंधियूतली पापडी वेगळ्या जातीची आहे, त्या भीतीने हिवाळा वाया घालवू नका.

शेवटचं, घरातलं कोलेस्टेरॉल. एलडीएल १९० च्या वर, आणि वडील-काका-मामांपैकी कोणाला पंचेचाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराचा झटका, अशी जोडी दिसली तर हा आनुवंशिक प्रकार असू शकतो. जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो. नुसत्या तेल-तुपाच्या पथ्याने तो आटोक्यात येत नाही, औषध लागतं. सुरुवात तीनशे रुपयांच्या लिपिड प्रोफाइलने होते. जनुकीय तपासणी लागली तर ती हृदयरोगतज्ज्ञ लिहून देतील, मग मुलांचीही पाहणी होईल.

छुपा खर्च कुठे असतो?

किट स्वस्त असतं कारण कमाई पुढे असते. २००६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने बनावट ग्राहक उभे करून चार संकेतस्थळांवरून आहार-जनुकीय चाचण्या मागवल्या. नमुने खरं तर एका लहान मुलीचे आणि एका पुरुषाचे होते, ते चौदा काल्पनिक माणसांच्या नावाने पाठवले होते. सल्ले जनुकांपेक्षा प्रश्नावलीत भरलेल्या सवयींवर बेतलेले निघाले. काहींनी ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून वर्षाला बाराशे डॉलरची जीवनसत्त्वं सुचवली. तशीच जीवनसत्त्वं दुकानात वर्षाला पस्तीसेक डॉलरला मिळत होती. तंत्र तेव्हापासून खूप सुधारलं, पण धंद्याची ही रीत मोडलेली नाही.

आपल्या रुपयांत हिशेब असा. आठ हजारांच्या किटसोबत महिन्याला दीड हजाराची पुरवणी सुरू झाली, तर वर्षअखेरीस आकडा २६,००० होतो. दर वरच्या पट्ट्यांच्या खालच्या टोकाला मिळाले तर तेवढ्यात चौघांच्या कुटुंबाच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या होतात, आहारतज्ज्ञाकडे वर्षभर जाता येतं, आणि तरी पैसे उरतात.

आणखी तीन खर्च लक्षात ठेवा:

- फेरतपासणी. किटच्या कच्च्या माहितीत दिसलेला दुर्मीळ, गंभीर बदल पुष्कळदा चुकीचा निघतो. अमेरिकेतल्या एका लॅबने २०१८ मध्ये असे नमुने पुन्हा तपासले तेव्हा ४० टक्के बदल खोटे ठरले. घाबरवणारं काही दिसलं तर क्लिनिकल लॅबमधून खात्री केल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नका.
- वर्गणी. अहवाल ‘अद्ययावत’ ठेवण्यासाठी दर वर्षी पैसे कापले जातात का, ते आधी विचारा.
- प्रवास. वैद्यकीय जनुकतज्ज्ञासाठी बडोदेकरांना पुष्कळदा सुमारे ११० किलोमीटरवरचं अहमदाबाद गाठावं लागतं. पहिली भेट व्हिडिओवर होते का, ते विचारा.

किट घ्यायचंच असेल तर

हौस म्हणून, कुतूहल म्हणून घ्यायला हरकत नाही. फक्त पैसे भरण्यापूर्वी हे प्रश्न ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं:

१. नमुना कोणत्या लॅबमध्ये तपासला जातो? त्या लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का, आणि ती याच चाचणीसाठी आहे का?
२. किती ठिकाणं वाचता, आणि प्रत्येक निष्कर्षामागचा अभ्यास अहवालात दिलेला असतो का?
३. अहवाल समजावणारी व्यक्ती कोण? आहारतज्ज्ञ असेल तर इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आरडी’ नोंदणी आहे का? तीच व्यक्ती पुरवण्या विकते का?
४. कच्च्या माहितीची फाइल मला मिळेल का, जादा पैसे न भरता?
५. नमुना बाद झाला तर दुसरं किट फुकट की पैसे परत?
६. सांगितलेल्या किमतीत जीएसटी, कुरिअर आणि सल्ला-सत्र धरलेलं आहे का?

लाळ देण्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. मुखवास, तंबाखू, मसाला काहीच नको. नमुना बाद होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

लहान मुलांसाठी ‘कल ओळखा’ छापाच्या जनुकीय चाचण्या विकल्या जातात. त्या घेऊ नका. मूल गणितात की क्रिकेटमध्ये चमकेल हे सांगण्याइतकं विज्ञान पुढे गेलेलं नाही, आणि त्या माहितीवर हक्क मुलाचा आहे. मोठं झाल्यावर त्याचं त्याने ठरवावं.

अहवालात औषधांचं पान असेल तर ते डॉक्टरांना जरूर दाखवा. रक्त पातळ ठेवणाऱ्या क्लोपिडोग्रेलसारख्या गोळीचा परिणाम जनुकांनुसार बदलतो आणि भारतीयांत हे बऱ्याच जणांना लागू आहे. पण स्वतःहून गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं.

माहिती एकदा दिली की

अमेरिकेतली ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही या क्षेत्रातली सर्वांत नावाजलेली कंपनी. २०२३ मध्ये तिथल्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि ग्राहकांच्या माहितीसकट तिची विक्री झाली. तिकडच्या नातेवाइकांनी भेट म्हणून किट दिलं असेल तर खात्यात जाऊन माहिती पुसण्याची विनंती करून टाका. पासवर्ड बदलता येतो, जनुकं बदलता येत नाहीत. शिवाय तुमच्या अहवालात तुमच्या भावंडांची आणि मुलांचीही निम्मीशिम्मी माहिती असते. त्यांना न विचारता तीही तुम्ही देत असता.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला सांगण्याचा हक्क त्यात आहे. फॉर्म भरताना ‘संशोधनासाठी वापरू द्या’ ही संमती वेगळी असते, तिथे आपोआप खूण झालेली असेल तर काढा. काम झाल्यावर नमुना नष्ट करावा असं लिहून पाठवा.

विम्याचं सांगायचं तर जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विम्याच्या अर्जात विचारलं तर खोटं लिहू नका, तसं केलं तर पुढे दावा अडकतो. आरोग्यविमा काढायचा विचार असेल आणि तब्येत ठणठणीत असेल, तर विमा आधी आणि हौसेची चाचणी नंतर, हा क्रम शहाणपणाचा.

तीन खिशांसाठी तीन आराखडे

*दीड-दोन हजार रुपये.* समजा तिशीतला तरुण, मेहसाणानगरात भाड्याने राहतो, सकाळी सेव-उसळ आणि रात्री बाहेरचं जेवण. सीबीसी, एचबीए१सी, लिपिड आणि बी१२ करावं. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये काढलेली भारतीयांसाठीची आहार-मार्गदर्शक पुस्तिका इंटरनेटवर फुकट आहे, ती वाचावी. लग्न ठरायचं असेल तर एचपीएलसीचे हजार रुपये वाढवावेत.

*सहा ते आठ हजार रुपये.* समजा पन्नाशीतलं जोडपं, दोघांच्याही आई-वडिलांना मधुमेह. वरच्या तपासण्या दोघांच्या, त्यात टीएसएच, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व. उरलेल्या पैशांत आहारतज्ज्ञाच्या तीन भेटी: पहिली अहवाल घेऊन, दुसरी महिन्याने, तिसरी तीन महिन्यांनी नव्या एचबीए१सीसह. निजामपुऱ्याला लागूनच फतेगंज-सयाजीगंज भागात महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना तिथे गृहविज्ञान विद्याशाखा उभी राहिली आणि तिच्या अन्न व पोषण विभागाने पिढ्यान्‌पिढ्या आहारतज्ज्ञ घडवले. तिथून शिकलेली माणसं शहरभर काम करतात. आपली भाकरी-आमटी आणि शेजारची खिचडी-कढी दोन्ही ओळखणारा सल्लागार मिळणं ही बडोद्याची सोय आहे, तिचा फायदा घ्या.

*वीस हजार आणि पुढे.* समजा घरात तरुण वयातला हृदयविकार, पुन्हापुन्हा होणारे गर्भपात किंवा निदान न झालेल्या आजाराचं मूल आहे. इथे लाळेच्या किटवर एक रुपयाही घालवू नका. आधी डॉक्टर, मग जनुकीय समुपदेशक, मग त्यांनी लिहून दिलेली नेमकी तपासणी. समुपदेशकाचे दोन हजार पुढचे वीस हजार वाचवू शकतात, कारण कोणती तपासणी करायची नाही हे तो सांगतो. गरोदरपणात जनुकीय तपासणी करताना बाळाचं लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत असाल तर प्रतिबंधक आरोग्य तपासणीवर वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ती ठरलेल्या एकूण मर्यादेच्या आतच असते. पावत्या जपून ठेवा.

फसवणूक झाली तर

अहवाल आला नाही, पैसे परत मिळत नाहीत, किंवा जाहिरातीत एक आणि हातात दुसरं पडलं, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा, ती सेवा मोफत आहे. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो की हैदराबादची, २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथे, म्हणजे वडोदऱ्यातच, तक्रार दाखल करता येते. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि लेखी उत्तरं एवढे पुरावे पुरेत.

या आठवड्यात एकच गोष्ट करायची असेल तर जुन्या फाइलमधला शेवटचा सीबीसी आणि साखरेचा अहवाल शोधून त्यावरची तारीख बघा. वर्षाहून जुना असेल तर किटचं पान बंद करा आणि जवळच्या संकलन केंद्राला सकाळची वेळ मागा. बी१२ ची गोळी चालू असेल तर ते त्यांना सांगा, आणि नमुना उपाशीपोटी हवा की नाही तेवढं विचारून घ्या.